आरपीची तारीख पाठ, डोळ्यांची मात्र नाही

आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन तारखा झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतात. एक आरपी संपण्याची आणि दुसरी सुट्टीच्या विमानाची. घरात मधुमेह असेल तर आणखी एक तारीख तितकीच पाठ असायला हवी: डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला आणि पुन्हा कधी तपासायचा आहे. गेल्या काही महिन्यांत मी ओळखीच्या मधुमेही मंडळींना हा प्रश्न मुद्दाम विचारत आलो. उपाशीपोटी साखर किती, तीन महिन्यांची सरासरी किती, हे बहुतेकांनी दशांश चिन्हासकट सांगितले. डोळ्यांची तारीख मात्र फार थोड्यांना सांगता आली.

मी मदिनत खलीफात राहतो आणि हिशेबनिसाची नोकरी करतो. मधुमेहाला एकोणीस वर्षे झाली, डोळ्यांच्या विकाराला सहा. उजव्या डोळ्याला लेसर झाले आहे, डाव्या डोळ्यात इंजेक्शने चालू आहेत. मी डॉक्टर नाही, तेव्हा पुढील मजकूर वैद्यकीय सल्ला समजू नये. सहा वर्षे हा आजार सांभाळताना माझे जे मत बनले, तेवढेच मांडतो. ते मत असे, की या आजारावर आज चांगले उपचार आहेत, तरी आपला माणूस डॉक्टरकडे उशिरा पोचतो. या उशिराच्या मुळाशी भीती असते, आणि आखातातल्या आपल्या राहणीने ती भीती दुप्पट केली आहे.

पडद्यावर काय होते

डोळा म्हणजे कॅमेरा मानला तर आतला पडदा, म्हणजे रेटिना, ही त्याची फिल्म. या पडद्याला अतिशय बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त मिळते. वर्षानुवर्षे वाढलेली साखर या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत करते. मग त्या पाझरू लागतात. पडद्याच्या मध्यभागी, जिथून आपण वाचतो आणि माणसांचे चेहरे ओळखतो, तिथे पाणी साचून सूज येते. काही वाहिन्या बंद पडतात. रक्ताला मुकलेला पडदा मग नव्या वाहिन्या उगवू देतो, पण त्या इतक्या नाजूक असतात की केव्हाही फुटून डोळ्यात रक्त उतरते. त्यांच्याबरोबर येणारे व्रण पडदा ओढून जागेवरून सोडवूही शकतात. या सगळ्याला डॉक्टर डायबेटिक रेटिनोपथी म्हणतात.

यातली फसवी गोष्ट अशी, की बराच काळ काहीच जाणवत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि दिसतेही स्वच्छ. मदिनत खलीफा म्हटले की जुन्या दोहावासीयांना ट्राफिक खाते आठवते. लायसन्ससाठी डोळ्यांची चाचणी आपण सर्वांनीच दिली आहे. तक्त्यावरची चिन्हे ओळखली की झाले. पुष्कळांची अशी समजूत असते की ही चाचणी पास म्हणजे डोळे ठणठणीत. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेतला की डोळे तपासून झाले, ही तिचीच धाकटी बहीण. माझ्या वार्षिक तपासणीत विकार सापडला त्या दिवशी मी तक्त्याची शेवटची ओळ न अडखळता वाचली होती. तक्ता वाचता येणे आणि पडदा निरोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडदा पाहायचा तर डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करून पाहावा लागतो, किंवा खास कॅमेऱ्याने त्याचा फोटो घ्यावा लागतो.

चष्म्याबद्दल एक व्यवहाराची सूचना. साखर वरखाली होत असली की डोळ्यातले भिंग फुगते आणि नंबर बदलल्यासारखा वाटतो. अशा वेळी घाईने नवा चष्मा करू नये, आधी साखर स्थिर होऊ द्यावी. तसेच, मधुमेही माणसाला मोतीबिंदू लवकर होतो. त्याच्या ऑपरेशनआधी पडदा तपासून घेण्याचा आग्रह धरावा, कारण पडद्यावर सूज असेल तर ऑपरेशननंतर ती वाढू शकते.

भीती कशाची?

दृष्टी जाण्याची भीती जगात सगळीकडे सारखीच असेल, असे मला वाटत होते. तसे नाही. पुण्यात किंवा सांगलीत राहणाऱ्या माणसाची दृष्टी अधू झाली तर त्याचे घर त्याच जागी राहते. इथे आपले राहणे नोकरीला बांधलेले, नोकरी डोळ्यांना बांधलेली, आणि बायकोचा व्हिसा व मुलांची शाळा त्या नोकरीला. म्हणून डोळ्यासमोर एक काळा धागा तरंगला तरी मनात थेट शाळेच्या फीचा आणि गावाकडच्या हप्त्यांचा हिशेब सुरू होतो. मी अजूनही रोज सकाळी एक डोळा झाकून बाथरूमच्या टाइल्सच्या रेघा सरळ दिसतात का ते बघतो. दुसरा डोळा झाकून पुन्हा बघतो. सरळ दिसल्या की दिवस सुरू होतो. सहा वर्षांत हा नेम एकदाही चुकलेला नाही, आणि ही सवय आता सुटेल असेही वाटत नाही.

ही भीती निराधार नाही. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्यानुसार आजारपणाच्या रजेचे पहिले दोन आठवडे पूर्ण पगार मिळतो, पुढचे चार आठवडे अर्धा आणि त्यानंतर बिनपगारी. बारा आठवड्यांनंतरही कामावर येणे शक्य नाही असा वैद्यकीय अहवाल असेल तर मालक सेवा संपवू शकतो. नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी वर्षाला किमान तीन आठवड्यांच्या मूळ पगाराइतकी असते. मूळ पगार ६,००० रियाल धरला तर वर्षाचे ४,२०० आणि पंधरा वर्षांचे ६३,००० रियाल. एवढ्यावर उरलेले आयुष्य काढायचे म्हणजे काय, ते प्रत्येकाने आपल्या वहीत मांडून पाहावे.

म्हणूनच माणसे गप्प बसतात. फायलीत नोंद नको, कंपनीला कळायला नको, बायकोला उगाच काळजी नको. मला हे गप्प बसणे समजते, पण पटत नाही. आरपीच्या वैद्यकीय तपासणीत एक्सरे आणि रक्त पाहतात ते क्षयासारख्या संसर्गजन्य रोगांसाठी. मधुमेहासाठी कोणाची आरपी अडत नाही. नोकरी धोक्यात येते ती दृष्टी खरोखर गेल्यावर. मग ज्या तपासणीने दृष्टी वाचते तीच नोकरीच्या भीतीने टाळायची, हा हिशेब कुठल्याच ताळेबंदात बसत नाही.

"गावी गेल्यावर दाखवू"

दुसरे कारण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. दात, गुडघे, डोळे, सगळे जुलैच्या सुट्टीसाठी राखून ठेवायचे. तिथे आपली भाषा बोलणारा डॉक्टर असतो, खर्च कमी येतो, भाऊ-वहिनी सोबतीला असतात. दाताच्या बाबतीत हे चालून जाते. पडद्याच्या बाबतीत चालत नाही. मधल्या भागाला सूज असेल तर सुरुवातीला साधारण दर महिन्याला एक अशी काही इंजेक्शने घ्यावी लागतात, पुढे डॉक्टर अंतर वाढवत नेतात. महिन्याभराच्या सुट्टीत त्यातले एक, फार तर दोन होणार. उरलेले अकरा महिने डोळा वाट पाहत बसत नाही.

त्यामुळे माझे स्पष्ट मत आहे की आपण जिथे राहतो तिथेच डोळ्यांचा डॉक्टर ठरवावा. गावचा डॉक्टर दुसऱ्या मतासाठी जरूर ठेवावा, पण जाताना पडद्याचे फोटो, ओसीटी स्कॅनच्या प्रती आणि इंजेक्शनांच्या नावांसह तारखा बरोबर न्याव्यात, आणि येताना तिथले कागद परत आणावेत. इथे हेल्थ कार्ड असेल तर आपल्या भागातल्या हेल्थ सेंटरच्या फॅमिली डॉक्टरकडे जाऊन सरळ म्हणावे, "मला मधुमेह आहे, माझा पडदा तपासायचा आहे, कुठे पाठवता?" तिथून हमदच्या नेत्रविभागाची चिठ्ठी मिळू शकते. तारीख लांबची मिळाली तरी ती घेऊन ठेवावी. खासगी इस्पितळात जायचे तर रेटिनाचा तज्ज्ञ आहे ना, हे आधी विचारावे.

प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात निदान झाल्याबरोबर पहिली तपासणी आणि पुढे साधारण दर वर्षी एक, असा सर्वसाधारण नियम आहे. लहान वयात इन्शुलिनवर आलेल्यांना पहिली तपासणी पाच वर्षांच्या आत लागते. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच डोळे दाखवावेत, कारण गरोदरपणात हा विकार झपाट्याने वाढू शकतो. आणि एकाएकी पुष्कळ काळे ठिपके, डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखे, किंवा अचानक दिसेनासे झाले, तर सुट्टीची किंवा शुक्रवारची सबब न सांगता त्याच दिवशी इमर्जन्सी गाठावी.

आपल्या हातात काय आहे?

पुष्कळ आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील डीसीसीटी या अभ्यासात इन्शुलिनवरच्या १,४४१ रुग्णांना अनेक वर्षे तपासले होते. ज्यांचे डोळे आधी निरोगी होते आणि ज्यांनी साखर काटेकोर ठेवली, त्यांच्यात हा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. १९९८ साली ब्रिटनमधील यूकेपीडीएस अभ्यासाने प्रौढ वयातल्या मधुमेहातही साखर आणि रक्तदाब या दोन्हींचे महत्त्व दाखवून दिले. रक्तदाबाकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरने मला पहिला प्रश्न विचारला तो रक्तदाबाचा.

साखर खाली आणतानाही एक सावधगिरी हवी. फार दिवस वाढलेली साखर एकदम खाली आणली तर आधीच बिघडलेला पडदा काही काळ जास्त बिघडू शकतो. सध्या वजन आणि साखर कमी करणारी आठवड्याची इंजेक्शने पुष्कळ जण घेतात. त्यातल्या सेमाग्लुटाइडच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत डोळ्यांच्या गुंतागुंती थोड्या अधिक आढळल्या, आणि त्याचे कारण साखर झपाट्याने उतरणे हे असावे असे तज्ज्ञांचे मत आहे. म्हणून ती घेऊ नयेत असे मुळीच नाही. घेण्यापूर्वी पडदा तपासून घ्यावा, इतकेच.

लेसरचा फायदा १९७६ सालीच सिद्ध झाला. योग्य वेळी केलेल्या लेसरने दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. मात्र गेलेली दृष्टी तो परत आणत नाही, आणि रात्री दिसणे व बाजूचे दिसणे थोडे कमी होते. संध्याकाळनंतर कॉर्निशवरून गाडी चालवणे मी त्यामुळेच सोडले. आता सौ. चालवते आणि मी सिग्नल सांगतो, ज्याची तिला अजिबात गरज नसते.

इंजेक्शनाबद्दल सर्वांत जास्त भीती असते, आणि नाव ऐकूनच काही जण परत फिरतात, म्हणून जसे घडते तसे सांगतो. आधी डोळा बधिर करणारे थेंब घालतात, मग जंतुनाशकाने डोळा स्वच्छ करतात. जंतुनाशक चुरचुरते, ते सुईपेक्षा जास्त जाणवते. सुई बाजूच्या पांढऱ्या भागातून जाते आणि समोरून येताना दिसत नाही. काही सेकंद दाब जाणवतो. त्या संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखे वाटते, दुसऱ्या दिवशी बहुधा काही नसते. दुखणे वाढले, लाली वाढली किंवा दिसणे कमी झाले तर मात्र लगेच फोन करायचा असतो. पहिल्या वेळी माझे हात थरथरत होते. आता मी तिथल्या नर्सबरोबर क्रिकेटच्या गप्पा मारतो.

पैशाची बाजू

या सदराचे नाव आरोग्य आणि अर्थ असे जोडलेले आहे, ते या आजाराइतके कुठे लागू पडत नसेल.

इंजेक्शनात मुख्यतः तीन औषधे वापरात आली. बेव्हासिझुमॅब हे मुळात कर्करोगाचे औषध, डोळ्यासाठी अगदी छोट्या मात्रेत वापरतात, आणि ते रॅनिबिझुमॅब व अफ्लिबरसेप्ट यांच्यापेक्षा बरेच स्वस्त पडते. २०१५ साली अमेरिकेत या तिन्हींची तुलना झाली. दृष्टी थोडीशीच कमी झालेली असताना तिन्हींचा गुण सारखाच आला. दृष्टी बरीच उतरलेली असताना पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. औषध अर्थातच डॉक्टरने ठरवायचे. हिशेबनिस म्हणून मी यातून एवढेच वाचतो, की लवकर येणाऱ्याला स्वस्त औषधाचा पर्याय उरतो आणि उशिरा येणाऱ्याचा खर्चही वाढतो.

कंपनीच्या इन्शुरन्सच्या पुस्तिकेत तीन गोष्टी शोधाव्यात: मधुमेहासारखे जुने आजार धरले आहेत का, डोळ्यातल्या इंजेक्शनला आधी मंजुरी लागते का, आणि वर्षाची मर्यादा किती. इंजेक्शनांची मालिका सुरू करण्यापूर्वी लेखी मंजुरी घ्यावी.

परत जाण्याचा विचार असेल तर भारतातली आरोग्य पॉलिसी इथे असतानाच सुरू करणे शहाणपणाचे. भारतीय विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारांसाठी थांबण्याची कमाल मुदत चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, आणि पासष्ट वर्षांनंतर नवी पॉलिसी मिळत नसे तो अडसरही काढला. डोळ्यातली इंजेक्शने आधुनिक उपचारांच्या यादीत २०१९ सालीच घातलेली आहेत. म्हणजे पॉलिसीतून ती सरसकट वगळता येत नाहीत, पण त्यांवर वेगळी मर्यादा असू शकते, ती वाचून घ्यावी. तीन वर्षांची मुदत नोकरीत असतानाच सरलेली बरी. आणि अर्जात मधुमेह लपवू नये. लपवून वाचवलेला हप्ता नाकारलेल्या क्लेममध्ये कितीतरी पटीने जातो.

मंडळाला एक सूचना

हा प्रश्न दोन-चार घरांपुरता नाही. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि प्रौढांमधले सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. कतारमध्ये २०१२ च्या सरकारी पाहणीत कतारी प्रौढांपैकी १६.७ टक्के मधुमेही निघाले. आपण या दोन्हींच्या मधोमध बसलो आहोत.

आपल्यासारख्या मंडळांच्या आरोग्य शिबिरांत बोट टोचून साखर मोजतात, रक्तदाब घेतात, वजन सांगतात. ज्याला आपला मधुमेह वर्षानुवर्षे माहीत आहे तोही रांगेत उभा राहून आणखी एक आकडा घेऊन घरी जातो. माझी सूचना अशी की पुढच्या शिबिरात त्याच टेबलाशेजारी पडद्याचा फोटो घेणारा कॅमेरा असावा. हे कॅमेरे आता हातात धरण्याइतके लहान निघाले आहेत, आणि पुष्कळदा थेंबांशिवायही फोटो मिळतो. एखाद्या इस्पितळाच्या नेत्रविभागाला परवानगीसह बोलावले तर एका शुक्रवारी बरीच घरे तपासून होतील. फोटोत काही दिसले तर पूर्ण तपासणी डॉक्टरकडेच व्हायला हवी. फोटो हा तिचा पर्याय नव्हे.

अशा साध्या फोटोंनी काय साधते, ते इंग्लंडमध्ये दिसले आहे. तिथे २००३ पासून मधुमेहींच्या पडद्याचे नियमित फोटो काढण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, निदान पाच दशकांत प्रथमच, इंग्लंड-वेल्समधील कामकरी वयातल्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेही विकार पहिल्या क्रमांकावरून खाली आला होता. तज्ज्ञांनी याचे श्रेय या फोटोंना आणि साखरेच्या चांगल्या नियंत्रणाला दिले.

शिबिराला घरातल्या बायकांना आणि व्हिजिट व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना आवर्जून आणावे. कंपनीची तपासणी नोकरी करणाऱ्याची होते. दुपारी सगळ्यांचे जेवण झाल्यावर स्वतःची गोळी आठवणाऱ्या गृहिणीची तारीख कोणाच्याच फायलीत नसते.

दुसरी सूचना अगदी बिनखर्चाची आहे. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते आणि इथले ऊन डोळ्यांत भाल्यासारखे घुसते, त्यामुळे गाडी चालवता येत नाही. एकट्या राहणाऱ्या कित्येकांची तपासणी केवळ घरी परत कोण आणणार, एवढ्यासाठी राहून जाते. मंडळाने भागवार एक यादी करावी: थेंबांच्या दिवशी कोण कोणाला नेऊन आणू शकेल. मदिनत खलीफासाठी माझे नाव त्यात पहिले लिहावे. मात्र वेळ सकाळची असावी. संध्याकाळची असेल तर सौ.ला विचारावे लागेल.